हालत्या जमिनीचे पटवारी

"मास्तर, जमीन हालून राह्यली, का मीच?"

सकाळी शाळेच्या पडवीतला खांब धरून ते हा प्रश्न विचारत. विचारण्यात चेष्टा नसे. डाव्या हाताखाली खांब, उजव्या हातात छत्री, छत्रीचं टोक मातीत रुतवलेलं आणि नजर माझ्या तोंडावर. उत्तर ऐकायला ते खरोखर थांबत. मी म्हणायचो, "जमीन जागेवर हाये साहेब." मग ते जरा विचार करत, "म्हंजे मीच," असं म्हणत आणि तरीही खांब सोडत नसत. शाळेचा खांब शिक्षण खात्याचा आहे, महसूल खात्याचा नाही, असं मी त्यांना एकदा सुनावलंही होतं. त्यांनी ते मान्य केलं आणि दुसऱ्या हातानेही खांब धरला.

आता तुम्ही म्हणाल, माणसाला चक्कर येते यात सांगण्यासारखं काय आहे. चक्कर कुणालाही येते. पण हे गृहस्थ आमच्या गावचे पटवारी होते. कुणाची जमीन कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे सरकारदरबारी ज्याने सांगायचं, तोच माणूस रोज सकाळी मला विचारणार की जमीन हालते आहे का. सुरुवातीला मला हसू आवरत नसे. मी मुलांना मोठ्याने पाढे म्हणायला लावायचो, म्हणजे माझं हसणं त्यात बुडून जायचं. त्या वर्षी माझ्या शाळेतल्या पोरांचे पाढे फार पक्के झाले.

तेव्हा आमचा चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर, जिल्हा मध्यप्रदेशात होता. मूल हे बाजाराचं गाव आणि वैनगंगा नदी यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. सगळा धानाचा मुलूख. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धानाचं शेत म्हणजे लहान लहान बांध्या. प्रत्येक बांधीत पाणी साठवायचं असतं, म्हणून तिच्या चारी बाजूंनी मातीचा धुरा. पावसाळ्यात गावाबाहेर रस्ता असा उरतच नाही. धुऱ्यावरून जायचं, धुऱ्यावरून यायचं. दोन पावलं शेजारी शेजारी मावणार नाहीत इतकी त्याची रुंदी, वर ओलं गवत आणि दोन्हीकडे चिखल. आमच्याकडच्या बायका डोक्यावर रोपांचे भारे घेऊन, कडेवरचं पोर सावरत, सासूच्या कागाळ्या सांगत त्यावरून निघून जातात. पटवारीसाहेबांना नुसता धुरा दिसला की डोकं हलकं होई. डोकं हलकं झालं की पाय त्यांचं ऐकत नसत.

हे दुखणं लागलं कसं ते त्यांच्या बायकोने मला सांगितलं. आम्ही एकाच घराच्या दोन भागांत राहायचो, मधे एक कुडाची भिंत, त्यामुळे मी त्यांना वहिनी म्हणायचो आणि भिंतीपलीकडचं सगळं मला कळायचं. आधीच्या गावी असताना भर वैशाखात मोजणी चालली होती. सगळं गाव जमलेलं. ऊन असं की दगडाला घाम फुटावा. साहेबांना घेरी आली आणि ते जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, हातात घेऊन मटकन खाली बसले. लोकांनी पाणी पाजलं, सावलीत नेलं, काम संपलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण हे दुसऱ्या दिवसापासून धास्तीला लागले. पुन्हा आली तर? लोकांसमोर आली तर? पडलो तर? "पाव्हन्याची वाट पाहाव, तशी चकरेची वाट पाहून राह्यते हे," वहिनी म्हणाल्या. "मंग ते काऊन नाई येनार भाऊ? बलावनं केल्यावर कोनीही येते."

मी त्यांना मूलच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळे पाहिले, कान पाहिले, छाती तपासली, एका पायावर उभं केलं, आणि सांगितलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. तुम्ही धास्ती घेता, म्हणून चक्कर येते. धास्ती सोडा." परत येताना बैलगाडीत साहेब अगदी खचून बसले होते. मी म्हटलं, "काही झालं नाई म्हन्ते ना डॉक्टर, मंग तोंड काऊन पाडता?" तर म्हणाले, "काई झालं असतं तं औषध तरी भेटलं असतं मास्तर. आता कायले घेऊ औषध?"

डॉक्टरांनी हात टेकल्यावर गाव पुढे सरसावलं. कुणी खिशात कांदा ठेवायला सांगितलं, कुणी दाढेत लवंग. साहेबांनी दोन्ही केलं, त्यामुळे ते जवळ आले की आधी फोडणीचा वास यायचा. मूलच्या बाजारात एक जोडेवाले चाचा होते. त्यांनी निदान केलं की माणसाचं वजन वर चढलं की तो डोलतो, तेव्हा वजन खाली आणलं पाहिजे. त्यांनी साहेबांच्या जोड्यांना बैलाच्या नालासारखी लोखंडी पट्टी ठोकून दिली. रस्त्यावर ते जोडे फारच छान चालले. साहेब आले की टापांचा आवाज यायचा आणि पोरं सावध व्हायची. मग रोवणीचे दिवस आले, साहेब पहिल्यांदाच त्या जोड्यांनिशी चिखलात उतरले आणि साहेब बाहेर आले, जोडे आले नाहीत. कोतवालाने कुदळ आणून ते खणून काढले. चाचांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "देखो, पकड तो अच्छी थी."

छत्री रस्त्यावर कामी यायची, धुऱ्यावर नाही. धुऱ्यावर तिचं टोक मातीत शिरायचं आणि साहेब तिच्यामागोमाग. शेवटी त्यांनीच एक उपाय शोधला. पीक पाहायला निघालं की ज्याची बांधी त्याने पुढे चालायचं आणि साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. बस, एवढंच. हात ठेवला की पाय ताळ्यावर येत. आंधळ्याने काठी धरावी तसा त्यांचा हात असायचा, पण चेहरा मात्र ते असा ठेवायचे की जणू मायेने ठेवलाय.

इथे सगळा घोटाळा झाला. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जुनी जमीनदारी, नुकतीच गेली होती. जुना मालगुजार कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नसे, आणि ठेवलाच तर त्या माणसाचं भलं झालं, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. आता मालगुजार गेला, पटवारी राहिला, आणि पटवाऱ्याने चक्क हात ठेवायला सुरुवात केली. लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. ज्याच्या खांद्यावर हात, त्याच्याकडे सरकार. पाहणीच्या दिवशी माणसं धुतलेले दुपट्टे खांद्यावर टाकून सकाळपासून तयार राहू लागली. ज्यांची बांधी त्या वाटेवर नव्हती तेही पुढे चालायला येऊ लागले. एक म्हातारा तर खांद्याला तेल चोळून आला. साहेबांचा हात सटकला आणि दोघेही बांधीत गेले. म्हातारा चिखलातूनही खूश होता, कारण साहेबांनी पडताना त्यालाच धरलं होतं.

मी साहेबांना म्हटलं, "लोकांले सांगून टाका ना, तुमाले चक्कर येते म्हनून."

ते घाबरले. "येडे झाले काय मास्तर? चकरेच्या पटवाऱ्याची मोजनी कोन मानन?"

एक दिवस मात्र मी नवलच पाहिलं. चौथीच्या मुलांसाठी मी फळ्यावर गावाचा नकाशा काढला होता. तलाव पूर्वेला दाखवला होता. तो गावाच्या पश्चिमेला आहे हे मलाही ठाऊक होतं, पण फळ्याचा पश्चिमेकडचा कोपरा उडालेला होता आणि तिथे खडू चालत नसे. साहेब नेहमीप्रमाणे खांब धरून उभे होते. त्यांची नजर फळ्यावर गेली आणि कपाळावर आठ्या चढल्या.

"मास्तर, हा तलाव कोनं उचलला?"

मी कोपऱ्याची अडचण सांगू लागलो. ऐकतो कोण? खांब सोडून ते तरातरा आत आले. मुलांच्या रांगेतून, पाट्या ओलांडत, कुणाच्याही बोटावर पाय न देता सरळ फळ्यापाशी गेले, कोटाच्या बाहीने माझा तलाव पुसला आणि खडू घेऊन नवा नकाशा काढू लागले. "गाव काय तुमच्या फळ्याच्या सोयीनं वसलं काय? शिकवता काय पोराईले? उद्या हे पोट्टे पान्याले पूर्वेले जातीन." सगळं गावच उडालेल्या कोपऱ्यापासून जरा उजवीकडे घेऊन तलाव, नाला, स्मशान, पांदण एका हाताने झरझर काढलं. काढून झालं, राग उतरला, आणि आपण शाळेच्या मधोमध कशालाही न धरता उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. चेहरा पांढरा पडला. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "खांब कुठी गेला?"

मी मोठा शोध लागल्यासारखा धावत वहिनींकडे गेलो. राग आला की यांची चक्कर पळते, म्हटलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "आता कळलं तुमाले? मी तं पाहनीच्या दिवशी भाजीत मीठच नाई टाकत. थाळी सरकवते, मले दोन गोष्टी बोलते, अन् तनतनत निंघून जाते. नाक्यापर्यंत तरी सीधे जाते." इतके दिवस पाहणीच्या दिवशी भिंतीपलीकडून भांडण ऐकू यायचं, त्याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. मी उगाच त्या बाईला भांडकुदळ समजत होतो.

आता मुख्य गोष्ट. डोमाजी आणि लटारू हे दोघे चुलतभाऊ. आज्याची जमीन वाटली गेली आणि दोघांच्या बांध्यांमध्ये एक धुरा आला. आमच्याकडे धुरा कोरणं म्हणून एक प्रकार असतो. दरवर्षी फावड्याने धुऱ्याची आपल्या बाजूची माती थोडी थोडी कापायची, म्हणजे धुरा बारीक होतो आणि आपली बांधी तेवढी वाढते. दोघेही एकमेकांवर हाच आळ घेत. साहेब धुरा पाहायला गेले आणि त्यांनी डोमाजीच्या खांद्यावर हात ठेवला. का ठेवला, तर डोमाजीचा खांदा रुंद होता. लटारू हाडकुळा आणि बुटका. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा तर साहेबांना वाकावं लागलं असतं, आणि वाकलं की गरगरायचं.

लटारू माझ्याकडे आला. जेवणाखाणावरून त्याचं मन उडालं होतं. "गुरुजी, माह्या खांद्यात काय कमी हाये?"

"अरे, त्याइले चक्कर येते बापा," मी शेवटी सांगून टाकलं.

"चक्कर काय डोमाजीच्याच बाजूनं येते?" तो म्हणाला, आणि तडक मूलला निघून गेला.

मूलच्या कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देणारा एक अर्जनवीस बसायचा. लटारूने त्याला सांगितलं की पटवारी धुऱ्यावर झुलतो आणि डोमाजीचा खांदा धरतो. अर्जनवीस अनुभवी माणूस. झुलणारा माणूस कशाने झुलतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने अर्जात घातलं की पटवारी दारू पिऊन कामावर येतात आणि एका पक्षाची बाजू घेतात. लटारूने अंगठा उठवला आणि घरी येऊन पोटभर जेवला.

कचेरीत नवीन नायब तहसीलदार आले होते, जबलपूरकडचे, कडक. त्यांनी निरोप पाठवला की स्वतः येऊन पाहतो, आणि खरं निघालं तर त्याच दिवशी घरी बसवतो. ही बातमी मूलमध्ये पसरली आणि नेमकी मूलमध्येच साहेबांच्या मुलीची सोयरीक ठरलेली. मुलाच्या बापाने सांगून पाठवलं, पाहणी होऊ द्या, मग बोलू. एका अर्जात माणसाची नोकरीही लोंबकळली आणि मुलीचं लग्नही.

त्या दिवसांत साहेबांनी मला सकाळचा प्रश्न विचारणंच सोडलं. खांबाला पाठ लावून नुसते उभे राहत. एकदा म्हणाले, "मास्तर, मी जिंदगीत मोहाच्या दारूचा थेंब नाई चाखला. पन धुऱ्यावर उभा राह्यलो का मी पेलेलाच दिसतो. दुसऱ्याले कायले दोस देऊ? मले सोताले दिसतो." मला फार वाईट वाटलं. चिडचिडही झाली, कारण या माणसाला हसायची मला सवय झाली होती आणि आता हसता येत नव्हतं.

त्याच सुमारास लटारू परत आला. सोयरीक अडल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. "मी दारूचं नोहतं सांगतलं जी. ते त्या अर्जनवीसानं आपल्या मनानं टाकलं. पोरीचं लगन मोडन काय गुरुजी?"

"मोडन," मी म्हटलं.

"मंग मी काय करू?"

"काय करतोस आता? देवाजवळ माग का त्या मानसाले धुऱ्यावर राग येऊ दे. राग आला तरच तो सीधा चालते," मी फटकारलं. माझ्या मनात काही बेत वगैरे नव्हता. मी रागावलो होतो आणि तोंडाला आलं ते बोललो. तो मान खाली घालून निघून गेला.

पाहणीच्या दिवशी सकाळी वहिनींनी भाजीत मीठ घातलं नाही. वरणातही घातलं नाही. भिंतीपलीकडून भांडण ऐकू यावं म्हणून मी कान लावून बसलो होतो. काही आवाज नाही. थोड्या वेळाने वहिनी माझ्या दाराशी आल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. "सगळं खाल्लं भाऊ. चूपचाप खाल्लं. वरतून म्हन्ते, चांगलं झालं." त्या माणसाला चवसुद्धा कळत नव्हती.

नायब तहसीलदार बूट, पँट आणि टोपी अशा थाटात आले. अख्खं गाव त्या धुऱ्याच्या टोकाशी गोळा झालेलं. धान गुडघ्याच्या वर आलं होतं आणि बांध्या पाण्याने भरल्या होत्या. त्यांनी साहेबांना जवळ बोलावून तोंडाचा वास घेतला आणि डोळे बारीक केले.

"लौंग क्यों खाई है?"

"चक्कर के लिए, साब."

"और प्याज?"

"वो भी चक्कर के लिए."

"पीने वाले को चक्कर आती है, यह तो हमें भी मालूम है." त्यांनी धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाच्या पळसाकडे बोट केलं. "उस पेड़ तक जाइए. अकेले. किसी का कंधा नहीं."

डोमाजी सवयीने पुढे झाला होता, तो मागे सरला. साहेब धुऱ्यावर चढले. चार पावलं टाकली आणि थांबले. छत्री मातीत रुतली. अंग आधी डोमाजीच्या बांधीकडे गेलं, मग लटारूच्या. मागून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. बायकांत उभ्या असलेल्या वहिनींनी डोळे मिटून घेतले. नायब तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं, अशा अर्थाने की बघा, आणखी काय पुरावा पाहिजे. मला वाटलं, संपलं.

साहेब खाली पाहत होते. पडू नये म्हणून पावलापुढचंच पाहत होते, आणि तिथे त्यांना काहीतरी दिसलं. मान ताठ झाली.

"हा धुरा कोनं कोरला?"

तो आवाज मी ओळखला. माझा तलाव पुसला तेव्हाचा आवाज. साहेब छत्री उपटून निघाले. भराभरा पळसापर्यंत गेले, तिथून वळले, परत निम्म्यापर्यंत आले, उकिडवे बसले, छत्री आडवी धरून धुऱ्याची रुंदी मापली, उठले. लटारूच्या बाजूने धुरा हातभर लांब, खोल कापलेला होता. माती अगदी ताजी.

"लटाऱ्या. मागच्या पाहनीले हा धुरा माह्या छत्रीच्या मुठीएवढा जास्त होता. सरकारची जमीन हाये का तुह्या बापाची? आज पाहनी, अन् तू आजच कोरते? डोळ्यात धूळ फेकते माह्या? अक्कल गहान टाकली काय?" ते धुऱ्यावरून इकडून तिकडे फेऱ्या घालत, बोटं नाचवत बोलत होते. कापलेल्या जागेवरून त्यांनी दोनदा उडी मारली. लटारू चिखलात हात जोडून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की कुणी त्याला शिव्या देत नसून सत्यनारायणाचा प्रसाद देतं आहे.

कापलेली जागा बघायला नायब तहसीलदार धुऱ्यावर चढले. बुटाने आणि ओल्या गवताने आपलं काम केलं. पहिल्या पावलाला ते हालले, दुसऱ्याला हात पसरले आणि तिसऱ्याला त्यांनी समोर जे मिळालं ते धरलं. ते होते साहेबांचे खांदे. साहेबांना त्याचं भानसुद्धा नव्हतं. त्यांचं लटारूला झापणं चालूच होतं. मधेच वळून म्हणाले, "साब, पाय आडवा ठेवो, आडवा. सीधा ठेवोगे तो नीचे जाओगे," आणि पाठीला लोंबणाऱ्या त्या अधिकाऱ्याला घेऊन पळसापर्यंत गेले आणि पलीकडे कोरड्यात नेऊन उभं केलं.

अधिकाऱ्याने रुमालाने तोंड पुसलं. "पिया हुआ आदमी इतना नहीं डाँट सकता," असं म्हणून अर्ज निकालात काढला. पण गावाला त्यांच्या निकालाची गरज उरली नव्हती. सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं की सरकारनेच पटवाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मूलमध्ये गेली, आणि मुलाचा बाप स्वतः पेढे घेऊन आला.

लटारूला धुरा पूर्ववत करायचा हुकूम झाला. तो अंधार पडेपर्यंत माती टाकत बसला. मी जाऊन पाहिलं तर गुणगुणत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब खांबाशी आले आणि छत्री टेकवली. मग म्हणाले, "मास्तर, ते माती ताजी होती. कालच्या सकाळचीच. पाहनीच्या दिवशी, साहेबाच्या नाकासमोर, आपलाच धुरा कोन येडा कोरन?" मी फळा पुसत राहिलो. छत्री घेतली आणि लटारूच्या घराकडे गेले. त्याला बाहेर बोलावलं आणि वाकून, नीट वाकून, त्याच्या हाडकुळ्या खांद्यावर हात ठेवला. तिथे धुरा नव्हता, सपाट रस्ता होता. तसाच हात ठेवून ते त्याला घेऊन डोमाजीच्या दारावरून, शाळेवरून, सगळ्या गावातून फिरले. लटारू डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखा ताठ चालत होता. माझे डोळे भरून आले, आणि मी पोरांना पाढे म्हणायला लावले.

फाल्गुनात मुलीचं लग्न झालं. चक्कर काही गेली नाही. चक्कर अशी एका दिवसात जात नसते. फरक एवढाच पडला की आता ती आली की ते तिला "आली काय? बस मंग," असं म्हणत आणि उभे राहत. मग चैत्रात बदलीचा हुकूम आला. नदीपल्याड, गडचिरोलीच्याही आत, जंगलात. नायब तहसीलदारांनी त्यांची शिफारस केली होती म्हणे, की कोरलेले धुरे ओळखणारा असा माणूस तिकडेच पाहिजे. आमच्या जिल्ह्यात चांगल्या कामाचं बक्षीस हे असंच मिळायचं.

सगळं गाव त्यांना पोचवायला घाटावर आलं. डोंगा, म्हणजे नदीतली होडी, लहान, म्हणून आधी वहिनी आणि सामान गेलं. पलीकडच्या दरडीवर नव्या गावची बैलगाडी थांबली होती. मग साहेब बसले. डोंग्यात सगळेच डुलतात, त्यामुळे ते अगदी निर्धास्त होते, उलट डोंगेवाल्यालाच धीर देत होते. पलीकडे उतरले. चैत्रात वैनगंगेचं पाणी एका कडेला सरकतं आणि बाकी सगळी रेती पडते. त्या रेतीतून त्यांना दरडीपर्यंत एकट्याने जायचं होतं. खांब नाही, भिंत नाही, माणूस नाही.

ते निघाले. थोडं गेले आणि मधोमध थांबले. अंग डोलायला लागलेलं आम्हाला अलीकडून दिसत होतं. लटारूने हाक मारायला तोंड उघडलं, मी त्याचा हात दाबला. हाक ऐकून ते मागे वळले असते, आणि वळलं की त्यांचा तोल जायचा. डोमाजी पुटपुटत होता, "चाल बापा, चाल." मी पण तेच म्हणत होतो, मनात.

ते चालू लागले. झुलत झुलत, पण चालू लागले. दरडीच्या थोडं अलीकडे त्यांना आमची आठवण झाली असावी. वळले नाहीत. रेतीत टेकलेली छत्री त्यांनी उचलली, डोक्यावर उंच धरली आणि आम्हाला दिसावी म्हणून तशीच धरून ठेवली. दरड चढून गाडीत बसेपर्यंत त्यांनी ती खाली टेकवली नाही.

त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही.